वाळूखालची पाळी

गेल्झेनकिर्शनला, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी
पाचशे लिटर समुद्र आहे.
आल्फोन्सने तो बादली बादली करून भरला,
मीठ तोलून, वहीत आकडे मांडून.
तक्तपोशी खचेल म्हणून घरमालक कुरकुरला, तेव्हा म्हणाला,
"सदतीस वर्षं मी हे गाव खालून पोखरत होतो.
टेकू कुठे द्यायचा ते मला कळतं."

रॅस मासे आले सुलावेसीहून, विमानाने, पिशवीत.
तीन माद्या, बिबट्यासारख्या ठिपक्याठिपक्यांच्या,
आणि एक नर, हिरवट, गालावर शेंदरी फराटे.
पाण्यात सोडले आणि भर दुपारी बारा वाजता
चौघेही वाळूत घुसून दिसेनासे झाले.
मी म्हटलं, गेले. एवढे पैसे गेले.
तो म्हणाला, "थांब, हिल्ट्रूड.
त्यांच्या गावी आत्ता तिन्हीसांजा झाल्यात.
पाळी बदलली की आठवडा जातो अंगवळणी पडायला.
माझाही जायचा."

आठव्या दिवशी सकाळी वाळूतून एक डोळा वर आला.
आल्फोन्स खुर्चीत बसून होता, चहा गार झालेला.

फेब्रुवारीत त्याला बोखुमच्या इस्पितळात नेलं.
फुप्फुसात खाण अजून तशीच आहे, डॉक्टर म्हणाले,
म्हणजे जरा वेगळ्या शब्दांत म्हणाले.
जाताना त्याने मला एकच गोष्ट चारदा सांगितली:
जाळीचं झाकण. हे मासे उडी मारतात.

मी काच पुसायला झाकण काढलं
आणि फोन वाजला. तोच होता.
जेवणात मीठ नाही, शेजारचा घोरतो,
असं काहीबाही वीस मिनिटं.
नर मला दुसऱ्या दिवशी फ्रिजमागे सापडला,
वाळून लाकडाची ढलपी झालेला.
खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत पुरला.

संध्याकाळी त्याने विचारलं, "तो खातोय का?"
"खातोय," मी म्हटलं.
रोज विचारायचा. रोज मी म्हणायचे, खातोय.

मार्चमध्ये थोरलीचे ठिपके मळकट झाले.
मला वाटलं, रोग. माझ्यावरच येणार हे.
मग डोळ्यामागून हिरवं काहीतरी पसरायला लागलं,
धाकट्या दोघींना ती कोपऱ्यातून हाकलू लागली,
पर ताणून त्यांच्यासमोर मिरवू लागली.
वरच्या मजल्यावरची नुरहान साखर मागायला आली,
काचेला नाक लावून म्हणाली, "हिला काय झालंय?"
"बढती," मी म्हटलं.
दोघी इतक्या हसलो की साखर राहिलीच.

एप्रिलपर्यंत गालावर शेंदरी फराटे उठले.
फोनवर तो विचारी, तो कसा आहे?
आणि मी सांगे, छान आहे तो.
कुठल्या दिवशी ते खोटं उरलं नाही
हे वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

परवा आल्फोन्स घरी आला, नाकात नळी घालून.
कोट न काढताच खुर्चीत बसला.
पाळी सुटली की दिव्यांच्या खोलीत
खुंटीवरचे पितळी बिल्ले मोजायचे,
तसं बोट हवेत हलवत मोजलं.
पुन्हा मोजलं.
"एक बिल्ला आलेला नाही."

मी ओट्याकडे तोंड करून कांदा चिरत राहिले.

त्याने बराच वेळ त्या हिरव्याकडे पाहिलं.
शेपटीची एक कड फाटलेली आहे, थोरलीची होती तशीच.
"कुठे?" त्याने विचारलं.
"जिरेनियममध्ये."
"हं," म्हणाला, आणि थोड्या वेळाने,
"फुलं बरी आलीत यंदा."

निळा दिवा मंद होत गेला.
दोघी आधी उतरल्या, मग तो, जो ती होता,
एक गिरकी, आणि वाळू पुन्हा सपाट.
खोलीत आता दोन यंत्रं बुडबुडत होती,
एक त्यांचं, एक याचं.
झोपला असेल असं वाटून मी चादर ओढायला गेले.

डोळे न उघडता त्याने विचारलं,
"झाकण लावलंस?"

लावलं होतं.
तरी मी उठून पाहून आले.